मर्यादवेलीचे मानकरी

माघातली संध्याकाळ. घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या ताम्हनासारखा समुद्र सुवर्णपिंगट, निवांत, लवणगंधी. कलत्या सूर्याची किरणे लाटांवरून चालत किनाऱ्याला येतात, पुळणीच्या ओल्या वाळूवर क्षणभर टेकतात, आणि वाळूच्या उंचवट्यावर, जिथे मर्यादवेल पसरली आहे, तिथे थबकतात. उजेड तिथे थांबतो. उधाणाची लाटही तिथेच थांबते.

हिरवी, मांसल, आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली तिची पाने. पानांतून डोकावणारी जांभळ्या-गुलाबी रंगाची नाजूक फुले. ती उभी राहत नाही, कुणाच्या अंगावर चढत नाही. भुईला अंग टेकून, साष्टांग नमस्कारात असल्यासारखी, ती नुसती पुढे पुढे जाते. वाळू येते, वाळू जाते. वेल धरून ठेवते.

तिच्या पाठीशी केवड्याचे काटेरी बन. बनाच्या पाठीशी गोड्या पाण्याचा झरा. झऱ्याच्या पाठीशी माडांच्या सावलीतले केवणीबंदर. वेल आहे म्हणून बन आहे, बन आहे म्हणून झरा आहे, झरा आहे म्हणून गाव.

हे सगळे आजवर राखले ते द्वारकाकाकींनी.

पलीकडच्या गावाने एकदा पर्यटकांच्या खुर्च्या मांडायला आपल्या पुळणीवरची वेल खरवडून काढली होती. मग एका पावसाळ्यात समुद्र आत शिरला आणि उभ्या माडांची रांग मुळासकट घेऊन गेला. तो भग्न किनारा पाहून आल्यावर काकी घरोघर फिरल्या. प्रत्येक उंबऱ्याशी त्यांनी पदर पसरला. पैसा नको, तांदूळ नकोत. तुमच्या वाटणीची पुळण घाला माझ्या पदरात, म्हणाल्या. काय सांगावे त्या मऊ आवाजातले बळ! ज्यांनी भावाला कधी हातभर बांध सोडला नाही, त्यांनी काकींना समुद्राकाठची जमीन दिली. त्या जमिनीची संस्था झाली. नाव लांबलचक, सरकारी थाटाचे. गाव मात्र तिला नुसते ‘राखण’ म्हणते.

केवड्याच्या बनाशी एक जुने उंडीचे झाड आहे. त्याच्या ढोलीत रोज तिन्हीसांजेला काकी उंडीच्या कडूगंधी तेलाचा दिवा लावतात. दिव्याचे तोंड गावाकडे. समुद्राच्या बाजूला उजेड पडू द्यायचा नाही. कासवाची इवली पिल्ले पाण्यावरचे चांदणे पाहून वाट धरतात, त्यांची वाट चुकायला नको. दिवा लागेपर्यंत काकींच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. असा त्यांचा नेम. ऊन असो, वादळ असो, नेम मोडलेला नाही.

आज त्याच झाडाखाली राखणीची सभा बसली होती. काकी थकल्या होत्या. केस केवड्याच्या कणसासारखे पांढुरके, गुडघे कुरकुरणारे. माझ्यामागे कोण, एवढाच आजचा प्रश्न. कार्यकारिणी नेमली नाही तर संस्था मोडणार. आणि संस्था मोडली की ही मोकळी, रुपेरी, निर्व्याज पुळण विकत घ्यायला टपलेले लोक काही थोडे नव्हते.

वामन मास्तर आजवरचे चिटणीस. आयुष्यभर शाळेत हजेरी घेतलेला त्यांचा खणखणीत आवाज. त्यांनी पदे पुकारली. अध्यक्ष. उपाध्यक्ष. चिटणीस. खजिनदार. एकेक पद वाऱ्यावर निघाले, सभेवरून फिरले, आणि कुणाच्याच खांद्यावर न बसता समुद्राकडे उडून गेले.

“माका नको हां, काकी,” होडीवाला दाजी गिरकर म्हणाला. “माझी होडी माझा ऐकणा नाय, गाव कसो ऐकतलो?”

“मी खुर्चयेर बसलंय तर माशांची पाटी कोण उचलतलो? मास्तर?” जयवंती कुबल म्हणाली, आणि हसण्याची एक लाट उठून फुटली. माडांच्या बागायतीतली अनुसूया पराडकर तर आधीच वाळूत बोटाने रेघा ओढत बसली होती.

हसू ओसरले. पदे रिकामीच राहिली, ओहोटीनंतरच्या पुळणीसारखी ओकीबोकी.

काकी पाहत राहिल्या. ही सगळी आपली माणसे. वाळूत जन्मलेली, वाऱ्यावर वाढलेली, मनाने माडासारखी सरळ. आणि यांच्यातले एकही पुढे होऊ नये? त्यांनी मनातल्या मनात ग्रामदेवतेला हात जोडले. आई, ही भूमी मी जपली असे म्हणत नाही, तू जपवून घेतलीस. आता पुढचे तूच बघ.

सूर्य पाण्याला टेकला. दिव्याची वेळ झाली. काकी उठायला गेल्या. गुडघ्याने दगा दिला. त्या पुन्हा मटकन वाळूत बसल्या. तहानेने ओठ सुकलेले.

“माझो पाय उठणा नाय,” त्या हळूच म्हणाल्या. “आज दिवो कोणतरी लावा गो.”

जयवंती झटकन उठली. “मी लावतंय.”

“तू कशी?” अनुसूयेची रेघ वाळूत अर्धीच राहिली. “ह्या उंडीचा झाड माझ्या आजेसासून लावल्यान. दिव्याचो मान आमचो!”

“झाड तुमचा, पण झाडाखालची वाळू धरल्यान कोणी? आमच्या वाटणीतल्या वेलीन! मान आमचो!”

“दोघीय रवा,” त्यांना थांबवत दाजीही कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “नारळी पुनवेक दर्यात नारळ कोण सोडता? गिरकर! दर्याकडचो मान कोणाचो, ता गावाक विचारा!”

आणि बघता बघता सभा उसळली. मघाशी जी माणसे खाली मान घालून बसली होती, तीच आता ताठ मानेने आजे-पणजांची नावे घेऊ लागली. इथे कुणी पद सहज नाकारील; मान कुणी सोडायचा नाही. उत्सवात पालखीला पहिला खांदा देण्याचा मान, ढोलावर पहिली काठी टाकण्याचा मान, देवीच्या कपाळी चंदन लावण्याचा मान, एकेक मान एकेका घराचा, पिढ्यानपिढ्यांचा. बाप गेला की मुलगा, मुलगा परमुलखात असला की सून. त्या एका दिवसासाठी माणसे रजा मागून, भांडून, उभ्याने प्रवास करून येतात. त्या मानाला अध्यक्ष नसतो. त्याला मरणही नसते.

काकींची नजर पायांशी गेली. पदराजवळ मर्यादवेलीचा शेंडा आला होता. त्यांनी तो अलगद उचलून पाहिला. प्रत्येक पेराला मूळ. प्रत्येक पेर भुईत रुतलेले, आपापल्या मुठीत आपापली वाळू धरून. आरंभ कुठला, शेवट कुठला, वेलीलाही ठाऊक नसावे.

त्यांचे डोळे भरून आले. मग त्या चक्क हसल्या.

“मास्तर, पदां पुसून टाका. मान लिवा.”

भांडण जागच्या जागी थिजले. आणि त्या मावळत्या, केशरभिजल्या प्रकाशात काकी एकेक मान वाटू लागल्या, प्रसाद वाटावा तसा. वेलीचा मान कुबलांचा: वाळूवर कुणी फावडे टाकू नये. केवड्याच्या बनाचा मान पराडकरांचा. कासवांच्या अंड्यांचा मान गिरकरांचा: दर्याकडचा, त्यांचाच. झऱ्याचा मान मास्तरांच्या घराला. प्रत्येक मानाला एक घर, प्रत्येक घरातले एक माणूस. कार्यकारिणी म्हणायची ती हीच. नाव पुकारले की ते माणूस उठे, पुढे होई, वाळूला हात लावून कपाळाला लावी. मघाशी नको नको म्हणणारा दाजी असा छाती काढून उभा राहिला, की जणू समुद्रच त्याच्या नावे झाला.

राहिला दिव्याचा मान. दोघी श्वास रोखून उभ्या.

“तेल अनुसूयेचा,” काकी म्हणाल्या, “आणि ज्योत जयवंतीची. एकटीन लावलास तर वारो विझवतलो. दोघींनी आडोसो धरा.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. एकीने नाक मुरडले, एकीने पदर खोचला. मग अनुसूयेने तेल घातले. जयवंतीने काडी ओढली. वारा धावून आला. मासळीच्या वासाचा एक तळवा, ओल्या मातीच्या वासाचा एक तळवा; त्या दोन तळव्यांच्या शिंपल्यात ज्योत थरथरली, सावरली, मोत्यासारखी स्थिरावली.

“आणि काकी,” दाजीने विचारले, “तुमचो मान?”

“माझो?” काकींनी मास्तरांजवळच्या पाण्याच्या तांब्याकडे हात केला. “आता पाणी पिवचो. द्या तो तांब्यो.”

सगळे हसले. काकी घोट घोट पाणी प्यायल्या, नेमाचे, दिवसभराच्या तहानेचे, निवल्या मनाचे पाणी.

गावाकडे तोंड करून दिवा तेवत राहिला. त्याच्या पाठीमागे, पुळणीच्या निळ्यासावळ्या अंधारात, वेलीचा कोवळा शेंडा वाऱ्याने हलला, पुढे झुकला, आणि नव्या वाळूवर अलगद टेकला. वाळू येते, वाळू जाते.

वेल धरून ठेवते.