अनामिक वेणी

"काही बरंवाईट झालं तर कुणाच्या हाती निरोप पाठवू नका, कोमाद्रे. तुम्ही स्वतः या."

लेकाला, सायरीला, लोखा शहरातल्या विद्यापीठात सोडताना बाल्विनानं एवढंच सांगितलं होतं. बाप्तिस्म्याला तिचं पोर मी हातात धरलं, म्हणून ती मला कोमाद्रे म्हणते आणि पोर मादरिना. मी शब्द दिला.

बाल्विनाच्या सारागुरो गावची माणसं लांब वेणी राखतात, बायकांसारखीच पुरुषही. आमच्या अख्ख्या विद्यापीठात मुलाच्या पाठीवर अशी वेणी एकच होती.

मी तिथे गायनवृंद शिकवते. त्या दिवशी तालीम रद्द झाली, कारण सभागृह सहवेदना सप्ताहाला हवं होतं. सहवेदनेला गुण मिळणार होते, त्यामुळे ती भरपूर जमली. प्रत्येकानं आपलं दुःख निनावी लिहून मडक्यात टाकायचं आणि दुसऱ्याची चिठ्ठी काढून "मी" म्हणून वाचायची. मडकं विद्यार्थी कल्याण विभागाच्या डॉक्टर मार्सियांनी मुद्दाम आणलेलं. मातीत म्हणे आपुलकी असते.

सायरीच्या खोलीत राहणाऱ्या इग्नासिओनं चिठ्ठी काढली.

"मी झोपलो असताना," तो वाचू लागला, "माझ्या खोलीतल्या मुलानं पैजेवर माझी वेणी कापली."

तो अडखळला. मला वाटलं, आता थांबेल. त्यानं डोळ्यांत पाणी आणलं आणि पुढचं आणखी छान वाचलं. टाळ्या थांबेनात.

"या मुलाच्या जागी मी स्वतःला पाहिलं," तो म्हणाला. त्याची स्वतःची जागाही त्याच चिठ्ठीत होती, पण ती पाहणं कार्यक्रमात नव्हतं.

"हे कुणी लिहिलं ते आपल्याला ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाल्या, "आणि शोधायचंही नाही."

तोवर सगळं सभागृह मागच्या रांगेकडे वळलं होतं. तिथे सायरी लोकरी टोपी कानांवर ओढून बसला होता. महिनाभर तो मिस्साला आला नव्हता, सर्दी म्हणून. चर्चमध्ये पुरुषांना टोपी काढावी लागते, हे मला तेव्हा सुचलं.

मग सायरीला मिठ्या मारायला रांग लागली.

"बाळा, इग्नासिओबरोबर एक फोटो दे. फलकावर लावू," डॉक्टर म्हणाल्या.

"नाव नाही ना छापणार?"

"छे, अनामिक म्हणजे अनामिक."

इग्नासिओनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "हस ना, यार. सगळे तुझ्या बाजूनं आहेत."

"तूसुद्धा?"

"अरे, मीच तर वाचलं."

सायरीनं तो हात बाजूला केला आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेले.

"वेणी कुठंय?"

"पिशवीत. टाकवेना." तो खाली बघत होता. "ईस्टरच्या सुट्टीपर्यंत वाढेल का, मादरिना?"

"कमरेपर्यंत?"

"आईनं ओळखण्याइतकी."

"आई तुला टक्कल पडलं तरी ओळखेल, वेड्या."

"म्हणून तर घरी जात नाही. तुम्ही फोनवर सांगाल?"

"फोन म्हणजे निरोपच झाला."

मग पिशवी उघडून त्यानं वेणी माझ्या हातात दिली. आत पुन्हा टाळ्या वाजत होत्या. कुणाचं तरी दुसरं दुःख आवडलं असावं.

मी वेणी धुतलेल्या रुमालात गुंडाळली. आजची जपमाळेची प्रार्थना वाटेत म्हणू असं ठरवलं आणि सारागुरोच्या गाडीकडे चालू लागले.