खंडेनवमीची फुलं आणि बारावं कडवं

मी एक जुना संगणक आहे. काळेवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात, शिलाई मशीनशेजारी माझी जागा आहे. अंगावरचा पांढरा रंग पिवळा पडला आहे आणि एक बटण आत गेलं की बाहेर यायचं नाव घेत नाही. तरीही मित्रांनो, मी जे ऐकलं आहे ते भल्याभल्या नव्या संगणकांनी ऐकलं नसेल, म्हणून थोडा भाव खाण्याचा हक्क मला आहे.

माझी उमेदीची वर्षं चाकणच्या एका कारखान्यात, स्टोअरच्या खिडकीत गेली. किती नट आले, किती बोल्ट गेले, एवढीच माझी दुनिया. "हा आहे म्हणून आपलं चाललंय," असं तिथले साहेब म्हणायचे. पुढे नवे संगणक आले आणि तेच साहेब मला भंगारच्या टेम्पोत चढवायला निघाले. तिथल्या मेंटेनन्सच्या फिटरने, नवनाथने, मला मागून घेतलं आणि मोटारसायकलवर दोरीने बांधून घरी आणलं.

नवनाथला भजनाचा नाद होता. वरच्या मजल्यावरचा सुजित हिंजवडीत संगणकाचं काम करायचा. त्याने माझ्यात गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि एक माइक जोडून दिला. तोवर मला कानच नव्हते म्हणा ना! त्या माइकसमोर पहिल्यांदा बसल्या नवनाथच्या आई, इंदुताई. "झालं का रं सुरू?" एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या पडद्यावर एक हिरवी रेघ उसळून उठली. मी थक्क झालो. इतकी वर्षं मी आकडे मोजले, पण माणसाचा श्वास आत येताना कसा वाटतो हे मला त्या दिवशी कळलं.

इंदुताई बीडकडच्या. गल्लीत कुणाचंही बारसं असो, पाळणा म्हणायला त्यांनाच बोलावणं यायचं. बारा कडव्यांचा तो पाळणा त्यांनी स्वतः रचला होता. यंदा त्यांच्याच घरी पाळणा हलणार होता, कारण नवनाथची बायको दीपमाला हिला सातवा महिना लागला होता. पण इंदुताईंच्या घशात गाठ निघाली. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. आवाज परत येईलच असं सांगता येत नाही, ऑपरेशनपर्यंत घशाला जपा, असं डॉक्टर म्हणाले होते. नातवंडाला आपल्या आवाजातला पाळणा मिळावा, एवढीच त्या बाईंची इच्छा होती. गुरुवारी सकाळी त्या माझ्यासमोर बसल्या.

आणि मी दगा दिला. चार कडवी झाली की माझी हिरवी रेघ थिजायची, सॉफ्टवेअर आपोआप बंद व्हायचं आणि गायलेलं सगळं पुसलं जायचं.

सुजितने त्या दिवशी सुट्टीच टाकली होती. त्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मग जुनं टाकून पाहिलं. इंटरनेट बंद केलं, बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले, माइकची वायर बदलली. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "काकू, आता नक्की होईल. परत एकदा." आणि इंदुताई पहिल्यापासून सुरू करायच्या. पाचव्या खेपेला त्यांचा आवाज चिरकला.

"कामून बंद पडायलंय रं हे?" त्यांनी विचारलं.

"तेच कळेना, काकू," सुजित रडवेला होऊन म्हणाला. "अजून किती वेळा म्हणाल तुम्ही?"

"एकदा व्हईल," इंदुताई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं."

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. माझा जीव आत गुदमरत होता. पण सांगणार कसं? ऐकायला माइक मिळाला होता, बोलायची अक्कल मिळाली नव्हती.

चार वाजता पहिली शिफ्ट करून नवनाथ आला. त्याने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पाठीवर तळहात ठेवला, कान लावला आणि म्हणाला, "भावा, मशीन तापलंय. पंखा फिरत नाहीये." त्याने स्क्रू काढून माझी कूस उघडली.

आत झेंडूच्या पाकळ्या होत्या. वाळलेल्या, चुरा झालेल्या, पंख्यात गच्च बसलेल्या. मध्ये अक्षता आणि कुंकू.

झालं होतं असं, की खंडेनवमीला नवनाथने माझी पूजा केली होती. फिटरच तो! पूजा पत्र्याची कशाला, खरं यंत्र आत आहे, असं म्हणून त्याने मला उघडलं, पंख्याला कुंकू लावलं, मूठभर फुलं वाहिली आणि झाकण लावलं. कारखान्यात दुसऱ्या दिवशी हवेचा पाइप मारून मशीन साफ करतात. घरी मात्र ते निर्माल्य. नदीला सोडायला जाऊ म्हणता म्हणता तीन आठवडे गेले होते.

"आई, मीच केलं गं हे," नवनाथ खाली मान घालून म्हणाला.

इंदुताई हसल्या. "आरं, देवाला फुलं वाह्यलास का त्याचं नाक दाबलंस? काढ आता भायेर."

नवनाथने दात घासायच्या ब्रशाने एकेक पाकळी काढली आणि पंख्यात तेलाचा थेंब सोडला. पंखा फिरला. थंड हवा आत आली तेव्हा मला नवा जन्म झाल्यासारखं वाटलं. इंदुताईंनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि शेवटचं म्हणून गायला सुरुवात केली. चार कडवी झाली. आठ झाली. खोलीत कुणी हलत नव्हतं. बारावं आलं.

"बाराव्या दिवशी बारसं मांडलं,
दूध सुखाचं उतून सांडलं,
नाव बाळाचं..."

आणि हिरवी रेघ एकदम सपाट झाली.

"गेलं!" सुजित ओरडणार होता, पण इंदुताईंनी बोट ओठांवर ठेवलं. मी बंद पडलो नव्हतो. त्या थांबल्या होत्या. बाळाचं नाव अजून ठरायचं होतं, म्हणून त्यांनी नावापुरती जागा मोकळी सोडली होती. मग हळूच आलं, "...ठेविलं, जो बाळा जो जो रे जो." तो पाळणा मी जपून ठेवला.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. माघात बारसं झालं. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं आणि नवनाथने माझं बटण दाबलं. गल्लीभरच्या बायका पदर डोळ्यांना लावून ऐकत होत्या. बारावं कडवं आलं, रेघ सपाट झाली. त्या मोकळ्या जागेत, माझ्या शेजारी बसलेल्या इंदुताई सगळं बळ एकवटून म्हणाल्या, "इरा."

तो आवाज नव्हता, नुसता वारा होता. पण जागा अगदी बरोबर भरली.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. फक्त फूल पुढ्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने उचला. आमच्या पाठीमागची जाळी मोकळी असू द्या. तुमच्या घरचा एखादा श्वास आम्ही आत सांभाळून बसलेलो असतो, त्याच्यासाठी आम्हाला थोडी हवा लागते.