कापसावरचं काळीज

अख्ख्या तांड्यात एक पांढरं फडकं सापडेना, यावरून त्या सकाळी डोंगरसिंग आणि सोनीबाईची जुंपली. मी शेजारचा धावजी, त्यामुळे मला सगळं ऐकावंच लागलं. त्यांच्या घरात कापूस आढ्याला टेकलेला. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून सोनीबाईनं तो विकू दिला नव्हता. दोघं नवरा-बायको ओसरीत झोपायचे आणि अंगाला खाज सुटली की एकमेकांच्या नावानं ओरडायचे. पण आमच्याकडे कापूस पांढरा, कापड नाही. कापड बाजारातून येतं, ते लाल-पिवळं, फुलाफुलाचं.

"तुह्या एवढ्या गाठोड्यात एक पांढरं नाई?" डोंगरसिंग ओरडला.

"तू जित्ता असतानी म्या पांढरं कायले ठेवू?" सोनीबाई म्हणाली.

फडकं हवं होतं शाळेला. राजदीप मास्तरांच्या शाळेत प्रोजेक्टर आला होता. तो वर्गात कसा वापरायचा, यात मास्तरांना मदत करायला नेमलेल्या प्रियंका मॅडम उद्या यायच्या होत्या, त्या आजच आल्या. मदत अशी की, आज यंत्रावर धडा झाला नाही तर शाळेचं नाव बंद करायच्या यादीत. मग पोरांनी हायवे ओलांडून पलीकडच्या शाळेत जायचं. त्या ट्रकांमधून सोनीबाई आपल्या नातीला, ममताला, कधीच पाठवणार नव्हती. चौथीतली ममता वर्गात पहिली, पण ती घरी बसली असती.

यंत्र चालू होतं. लाइनही दोन वाजेपर्यंत होती. सगळं अडलं भिंतीवर. आधीच्या एका योजनेत शाळेच्या भिंती बोलक्या केल्या होत्या, आणि त्या इतकं बोलत होत्या की बोटभर जागा कोरी नव्हती. धडा हृदयाचा; त्याचं चित्र पाडलं की ते भिंतीवरच्या अननसावर पडायचं आणि मधून बावीसचा पाढा वर चढायचा.

"चुना मारून देतो, मॅडम," मास्तर म्हणाले.

"बोलकी भिंत पुसायला लेखी परवानगी लागते, सर."

सोनीबाईनं आपली ठेवणीतली ओढणी आणून टांगली. तिच्यावर शंभर आरसे. हृदयाचे शंभर तुकडे छतावर, मास्तरांच्या शर्टावर, मॅडमच्या कपाळावर नाचू लागले आणि पोट्टे ते पकडायला धावले. डोंगरसिंगनं अंगावरचं, मळून पिवळं पडलेलं धोतर द्यायची तयारी दाखवली. मॅडम घाईघाईनं नको म्हणाल्या.

"मास्तर," सोनीबाई एकदम म्हणाली, "पांढरंच पायजे ना? मंग माह्या घरी चाला."

शाळेपासून तिच्या घरापर्यंत वायर ओढली. प्रोजेक्टर ओसरीत स्टुलावर ठेवला, पोरं त्याच्या अवतीभवती. आतली खोली बिनखिडकीची, अंधारी. समोर कापसाचा ढीग, आणि त्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं हृदय. मी ओसरीच्या खांबाला धरून पाहत राहिलो.

तेवढ्यात मागच्या दारी टेम्पो लागला. खरेदी केंद्रावर आज सोनीबाईचा नंबर होता. आज चुकला की महिनाभर नाही.

"टेम्पो परत धाड," डोंगरसिंग कुजबुजला.

"काहून? मांगून भरा. पुढचं तोंड हालवू नका."

मागून हमाल बोरे भरू लागले. पुढं मास्तर शिकवू लागले. ढीग मागून उपसला जाई तसं कापसावरचं हृदय आत-बाहेर होऊ लागलं.

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. "धडधडतंय चक्क! कोणतं सॉफ्टवेअर आहे, सर?"

"गावातलंच हाय, मॅडम," मास्तर घाम पुसत म्हणाले.

मग मागून कोणीतरी एक बोरा जास्तच ओढला. हृदय पुढं वाकलं आणि दारातून ओसरीवर आलं. मास्तर, मॅडम, स्टूल, पोट्टे, सगळे कापसात. सोनीबाईनं तोंडावर हात ठेवला. गेली शाळा, असंच तिला वाटलं असणार. मलाही वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, मला हसूही आवरेना.

मॅडम कमरेइतक्या कापसात उभ्या राहिल्या. केसांत कापूस, चष्म्यावर सरकी. समोर ममताचं फक्त डोकं वर होतं. मॅडमनी तिलाच विचारलं, "हृदयाला कप्पे किती?"

"चार," ममता म्हणाली. "पन आता एकच दिसून राह्यला. बाकीचे टेम्पोत गेले."

मॅडम आधी खोकल्या, मग जे हसल्या ते हसतच राहिल्या. त्यांच्या मोबाइलवरच्या फॉर्मात 'पडदा' असा रकाना होता, आणि त्यात दोनच पर्याय, आहे किंवा नाही. त्यांनी एकदा सुटणाऱ्या टेम्पोकडं पाहिलं आणि 'आहे' दाबलं.

शाळा राहिली. कापसाला भाव मात्र दिवाळीत होता तोच मिळाला.

पुढं पेरणी झाल्यावर शाळेला सरकारी पडदा आला. मास्तरांनी कौतुकानं तो उलगडला. सोनीबाई निंदण टाकून, मातीच्या पायांनी पाहायला आली. तिनं पडद्याचा कोपरा चिमटीत धरून चोळला, कानाशी नेला, पुन्हा चोळला.

"मास्तर, याच्यात कापूसच नाई. पलास्टिक हाय."

सोनीबाईनं कोपरा सोडला आणि हात लुगड्याला पुसला.

"राहू द्या. फाटलं तं सांगजा," ती म्हणाली. "यंदाबी कापूसच पेरला हाय." आणि ती निंदायला गेली.