बोटभर उघडं दार

"कॉम्प्रेसर गेला. संपला विषय," बाबांनी फोनवर जाहीर केलं आणि माझं काही न ऐकता फोन ठेवून दिला. जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केलेल्या माणसाने स्वतःचाच फ्रिज असा झटक्यात निकालात काढावा, हे मला पटेना. आई मावशीकडे गेलेली. घरात बाबा एकटे, आणि सोबतीला नासलेलं दूध. मी ऑफिसातून परस्पर तिकडेच गेले.

फ्रिज भिंतीपासून ओढून तिरका उभा केला होता. त्याच्या मागे बाबा फरशीवर बसलेले, हातात त्यांचा लांब स्क्रूड्रायव्हर. टोक कॉम्प्रेसरच्या काळ्या डब्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. डब्याला हात लावून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. वर्कशॉपमधले कारागीर त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे. बाबा वरवर चिडायचे आणि आतून फुगायचे.

"ठार शांत आहे," ते म्हणाले. "उद्या भंगारवाल्याला बोलावतो. तसंही या घरात सगळंच शांत झालंय. तुझी आई हल्ली माझ्याशी बोलते कुठे? आता बहिणीकडे जाऊन बसली. परत कधी येणार, तेही सांगितलं नाही."

"भांडलात का?" मी जवळ जाऊन विचारलं.

"भांडायला तरी बोलावं लागतं ना."

हे ते हसत म्हणाले. आई रुसते, पण घर सोडून जाणारी नाही.

तेवढ्यात फ्रिज टीं-टीं करून बोंबलायला लागला. दार नीट लागलं नाही की तो असा कान किटवतो. पुढे जाऊन बघते तर काय, बाबांनी अख्खा कुकरच आत कोंबलेला! त्याचा दांडा दाराला अडत होता आणि बोटभर फट राहिली होती. आत सगळीकडे पाणी सुटलं होतं. दूध नासेल नाहीतर काय होईल! आता चांगलं फैलावर घ्यावं म्हणून मी वळले.

टीं-टीं चालूच होतं. बाबा मान खाली घालून, अगदी निवांत, स्क्रू पुसत होते.

माझा राग तिथेच विरघळला. मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांचा हात धरून त्या काळ्या डब्यावर ठेवला. डबा चांगलाच तापला होता आणि छान थरथरत होता.

बाबांचा चेहरा उतरला. मला काही सांगावंच लागलं नाही.

"दार उघडं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग वाजत असेल."

"वाजतोय, बाबा."

ते उठून पुढे आले. वाकले, आणखी वाकले, आणि शेवटी त्यांनी दाराच्या कोपऱ्याला कानच चिकटवला. "हां. आहे," ते हळूच म्हणाले. ज्या कानांनी आमचं घर चालवलं, त्यांची ही गत! मी कुकर बाहेर काढला आणि दार लावून टाकलं.

"आईला फोन लाव," बाबा म्हणाले.

मी स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

"मला ऐकू येत नाही गं," बाबांनी सरळ सांगून टाकलं. "फ्रिज ओरडतो, तोही ऐकू येत नाही."

पलीकडून आई म्हणाली, "तुम्हाला? अहो, तुमच्या कानांबद्दल कुणाच्या मनात तरी येईल का असं? फ्रिजचं दार उघडं टाकायचात, मी मुकाट्याने लावायचे. हाका मारून मारून घसा बसला, तरी ओ नाही. शेवटी हाक मारणंच सोडलं. म्हटलं, यांना मी नकोशी झाले."

"आणि मला वाटलं, तुला मी नकोसा झालो."

आईने नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. बाबांना ते आलं नसणार.

"एकदा हाक मार," ते म्हणाले.

"आत्ता? फोनवर? लेक ऐकतेय ना!"

"ऐकू दे. मार."

"अहो..."

"ओ," बाबा म्हणाले.