मानाचा पाट आणि झणकारनाथांचा त्रिशूळ

महारुद्रअप्पांच्या अंगणात त्या दिवशी एवढी गर्दी झाली होती की एकाला शिंक आली तर ती चौघांनी वाटून घ्यावी लागत होती. मी स्वतः दीड शिंक घेतली. पोरं लिंबावर, बाया ओसरीवर, गडी भिंतीवर. मधोमध लाल कापड घातलेला चौरंग आणि त्याच्या शेजारी ज्वारीनं भरलेल्या प्लास्टिकच्या टोपल्यात उभा केलेला, छातीएवढा लोखंडी त्रिशूळ. त्रिशूळ धरून झणकारनाथ महाराज. पायांत लाकडी खडावा, डोळ्यांत काजळ, आणि गळ्यात इतक्या माळा की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागे.

"बाळांनो, ह्यो त्रिशूळ न्हाई, न्यायाधीश हाय!" महाराज गरजले. "कोर्टात तारखेवर तारीख पडती, हितं हातावर निकाल! निर्दोषाला बर्फावानी गार, आन् चोराला देव झणकारणार! माझ्या हातात बघा, लेकरावानी झोपलाय."

शिष्य शेजारी बसून सेकंदा-सेकंदाला घंटी वाजवत होता. टण. टण. टण.

झालं होतं असं, की अप्पांच्या पत्नी शिवकांताअक्का यांचा चपलाहार हरवला होता. अप्पांचं किराणा दुकान युसूफ वडगावच्या रस्त्यावर सगळ्यात मोठं. त्यांच्या घरातला हार म्हणजे गावाचा हार. म्हणून घरात वावर असलेल्या प्रत्येकानं हातपाय धुऊन त्रिशूळ धरायचा, असं ठरलं.

पहिल्या अक्का. "मानाचा पाट मांडा," महाराज म्हणाले. अक्का पाटावर उभ्या राहिल्या, त्रिशूळ धरला. गार. मग दोन्ही जावई, पाटावर. गार. मग माडीवर भाड्यानं राहणारे मास्तर, तेही पाटावर. गार.

मग वनमाला पुढं आली. वनमाला शाळेत पोरांची खिचडी शिजवते, आणि सणावाराला अप्पांच्या घरी पुरण घालायला जाते. ती पाटाजवळ पोचायच्या आत कुणाच्या तरी हातानं पाट बाजूला सरकवला. कुणाच्या ते मी बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं, कारण कामाच्या बाईला पाट कोण मांडतं? ती सड्यानं चिंब झालेल्या जमिनीवर ओल्या, अनवाणी पायांनी उभी राहिली आणि तिनं त्रिशूळाला हात लावला.

असा झणका बसला की हातातली बांगडी फुटली. ती किंचाळून मागच्या बायांच्या अंगावर पडली.

"झणकारला! देव झणकारला!" गर्दी ओरडली. शिष्यानं घंटीचा गोंगाट केला. वनमाला जमिनीवर बसून स्वतःच्या हाताकडं बघत होती, आणि ज्या बायांच्या अंगावर ती पडली होती त्या साड्या झटकत होत्या.

आता माझं सांगतो. मी बंकट. एकतीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर काढली. एकदा खांबावर असताना माझ्यावर वीज पडली, ती मी खिशात घालून घरी आणली आणि आमच्या मंडळींनी तिच्यावर दोन दिवस स्वयंपाक केला. गावाला ही गोष्ट तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच माझ्या बाकी कुठल्याही गोष्टीवर गावाचा विश्वास नाही.

तर प्रसादाच्या रेटारेटीत मी त्रिशूळापाशी सरकलो आणि खिशातला टेस्टर पुढं केला. टोक टेकायच्या आधीच त्यातला दिवा लुकलुकला. विझला. पुन्हा लुकलुकला. घरातल्या लायनीवर टेस्टर धरला तर दिवा एकसारखा जळतो. हा मात्र घंटीच्या तालावर डोळे मिचकावत होता.

"अरे, त्रिशूळात करंट हाय!" मी ओरडलो.

माझा जुना दोस्त राधाकिशन भिंतीवरून म्हणाला, "काय बे बंकट, खिशातली राहिलेली वीज सांडली का काय?"

गर्दी हसली. महाराज सगळ्यांत जास्त हसले. तेवढ्यावर मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनमाला दारात. डोळे कोरडे, आवाज त्याहून कोरडा.

"तात्या, सोमवारी शाळेत बैठक हाय. चोरटीच्या हातचं पोरांना नको म्हणतेत. माझं काम जातंय. काल पाण्याला गेलते तर भिवराबाईनं घागर उचलून दुसरीकडं ठिवली. तुमी करंट म्हनला, त्ये खरं का खिशातलं?"

"खरं."

"मग अक्काला कावून न्हाई बसला? जावयाला कावून न्हाई बसला?"

एकतीस वर्षं खांबावर काढून मी डोकं खाजवत बसलो. तीच म्हणाली, "त्ये समदे पाटावर व्हते. मी एकलीच खाली."

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. करंटाला जमिनीत जायला वाट लागते. कोरड्या लाकडावर उभ्या असलेल्या माणसातून त्याला वाट मिळत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहिलं की तुमचं अंग हीच वाट. महाराजांच्या खडावाही लाकडाच्याच. एवढं साधं शास्त्र माझ्या डोळ्यांसमोर मांडलेलं होतं, पण तिथून पाट सरकवला गेला तेव्हा मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"आन् टेस्टर मिचकावतो म्हंजे," मी म्हणालो, "रानडुकरासाठी बांधाच्या तारेला लावतेत त्ये झटका मशीन हाय. सेकंदाला एक टोला. मशीनचा टक-टक आवाज झाकायला घंटी. महाराज चोर शोधत न्हाईत, पोरी. गाव ज्याला पाट देत न्हाई, त्यो चोर."

"मग उद्या सांगू समद्यांना."

"माझं ऐकतंय कोण? तुझं तर त्याहून न्हाई."

ती उठून उभी राहिली. "मला नुसतं सुटायचं न्हाई, तात्या. ज्या गर्दीनं मला नाचताना बघितलं, त्याच गर्दीनं त्येला नाचताना बघाया पायजे."

रविवारी अप्पांच्या शेतात हुरडा होता. दरवर्षी असतो, सगळ्या गावाला आवतन असतं. औंदा महाराज मुख्य पाहुणे. बांधावरच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती, तिचा चोरही त्रिशूळ काढणार होता. मी आदल्या दिवशी अप्पांच्या दुकानात गेलो आणि चेहरा शक्य तितका भोळा केला.

"अप्पा, वनमालाच्या हातून महाराजांची पाद्यपूजा करून घ्या. पाप धुतलं जाईल बिचारीचं."

"वा बंकट! म्हातारपणी देवाला लागलास!" अप्पा खूष.

वनमालाला मी बजावलं, "पाय ओढला की हात सोड. उशीर केलास तर अर्धा तुला बसंल."

"अर्धा मला बसला तरी चालंल. त्येला पुरा बसू द्या."

हुरड्याची आगटी पेटवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. हातभर खड्डा घ्यायचा, गोवऱ्या रचायच्या, ज्वाळा बसू द्यायच्या. ज्वाळेवर कणीस धरणारा माणूस हुरडा खात नाही, कोळसा खातो. निखाऱ्यावर राखेची साय आली की कणसं खुपसायची, दाणे फुगून पोपटी चमकले की काढायची आणि गरम गरम हातावर चोळायची. हे सगळं वनमाला करत होती. चोरटीच्या हातचा हुरडा, पण वास सुटल्यावर कुणाला आठवण राहिली नाही. धूळ उडू नये म्हणून आगटीभोवती पाणीही तिनंच शिंपडलं. जिथं महाराजांची खुर्ची होती तिथं जरा जास्तच.

महाराज जीपमधून उतरले. शिष्यानं चौरंग मांडला, खुर्चीशेजारी त्रिशूळ उभा केला, मागं जाऊन लोखंडी खुंटा जमिनीत ठोकला, आणि घंटी सुरू झाली. टण. टण. टण.

वनमाला पितळी परात घेऊन आली. मान खाली, पदर डोक्यावर.

"महाराज, पापिणीला पाय धुऊ द्या."

चारशे माणसं बघताहेत, नाही कसं म्हणणार? महाराजांनी खडावा काढल्या आणि दोन्ही पाय पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवले. वनमालानं पाय धुतले. अंगठा धुतला, टाच धुतली. मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला, माथ्याला लावतेय असं दाखवलं, आणि असा हिसडा दिला की खुर्ची मागच्या दोन पायांवर गेली. तिनं हात सोडले. महाराजांचा पाय धप्पकन परातीत, आणि तोल सावरायला हात शेजारच्या त्रिशूळावर.

"आयाया! मेलो! बंद कर रे, बंद कर!"

न्यायाधीशानं निकाल दिला होता. महाराज परातीत एक उडी, परातीबाहेर दुसरी, आणि तिसरी थेट गुळाच्या ताटात. शिष्य घंटी टाकून चौरंगाकडं झेपावला. मी त्याच्या आधी तिथं होतो. लाल कापड ओढलं.

खाली बॅटरी, आणि तिच्याशेजारी जेवणाच्या डब्याएवढी पेटी. टक. टक. टक. एक वायर त्रिशूळाला, दुसरी मागच्या खुंट्याला. पेटीवर हळदकुंकू वाहिलेलं.

चारशे माणसं पेटी बघायला पुढं वाकली. त्यातल्या निम्म्यांच्या बांधावर हीच पेटी होती! रोज पोरांना दटावतात, ओल्या पायानं तारेला शिवू नका म्हणून. तीच पेटी कुंकू लावून लाल कापडाखाली गेली आणि गाव तिच्या पाया पडलं.

राधाकिशन पुढं आला. "आरं, ह्ये तर माझ्याच बांधावरलं बेणं! आन् ह्यो… थांब, माळा काढ बघू. ह्यो रामेश्वर! आष्टीच्या बाजारात ह्येनंच मला मशीन इकलं व्हतं!"

तरी एक म्हातारा म्हणालाच, "करंट आसंल, पण चोराला बराबर वळखतो की."

मी पाट मागवला. त्यावर कोरड्या पायांनी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मी बंकट, आयुष्यात एकदाही खोटं बोललो न्हाई." आणि त्रिशूळ गच्च धरला.

काही नाही. गार.

आधी एक पोरगी हसली, मग सगळं रान हसलं. जिल्ह्यातल्या एक नंबरच्या थापाड्याला देवानं निर्दोष सोडलं, आता याहून मोठा पुरावा काय द्यायचा? मग वनमाला पाय पुसून पाटावर चढली. तिनं त्रिशूळ धरला आणि सगळ्यांकडं बघत धरून ठेवला. पुष्कळ वेळ. कुणीच नजर देईना.

ती उतरली. पाट स्वतःच्या हातानं उचलला, काखेत मारला, आणि म्हणाली, "अक्का, आता तुमी या. पाट न्हाई मिळायचा."

शिवकांताअक्कांनी चपला काढल्या. ओल्या जमिनीवर चार पावलं आल्या आणि थांबल्या. त्रिशूळाकडं बघितलं, गुळानं माखलेल्या महाराजांकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हार सापडला," अक्का म्हणाल्या. "हिला झटका बसल्यावर तिसऱ्याच दिवशी. शालीच्या घडीत व्हता. महाराजांचं बोलणं खोटं कसं पाडू, म्हणून गप बसले."

"बगा! काढलं का न्हाई सत्य त्रिशूळानं!" राधाकिशन ओरडला.

"आरं येड्या," मी म्हणालो, "तुझ्या बांधावर डुकराला झटका बसतो, मग डुक्कर काय खरं बोलाया लागतं का? ह्या भ्याल्या. बाकी काय न्हाई."

अप्पांनी हात जोडले. वनमालानं ते जोडलेले हात पाहिलेच नाहीत. पोलिसांची गाडी येईपर्यंत तिनं रामेश्वरला पुन्हा परातीत पाय घालून बसवला. मशीन मी केव्हाच बंद केलं होतं. ते त्याला मात्र कुणी सांगितलं नाही. घंटी वाजली की तो दचकायचा, आणि घंटी आता वनमालाच्या हातात होती.

मग ती अक्कांना म्हणाली, "ज्या ज्या घरात माझं नाव घेतलंत, त्या त्या दारात चला. मी संगं येते." अक्का गेल्या. भिवराबाईच्या दारापासून सुरुवात झाली. प्रत्येक उंबऱ्यावर अक्कांनी सांगायचं, हार घरातच होता, वनमाला चोर नाही, मला ठाऊक होतं. आवाज खाली गेला की वनमाला म्हणायची, "न्हाई ऐकू आलं." शेवटचं दार शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांचं. तिथं अक्का तीनदा बोलल्या. सोमवारी बैठक झालीच नाही. खिचडी झाली.

तिनं जरा जास्तच केलं, असं काही शहाणे म्हणतात. मला नाही वाटत तसं.

मंडळी, झटका मशीन वाईट नाही, ते डुकरांसाठी आहे. ते माणसं पारखायला लावू नका, आणि चुकूनही घरातली लाईन थेट कुंपणाला जोडू नका. त्यानं जीव जातो, ही थाप नाही. कुणी महाराज निकाल द्यायला आला तर हात जोडायच्या आधी कापड उचला, वायर कुठून कुठं जाते ते बघा, त्यालाच अनवाणी उभं करा. एवढं झालं की घरी जा आणि स्वतःला विचारा: ज्याला आपण आधीपासूनच चोर म्हणायला तयार असतो, नेमका त्याच्यावरच देव कसा काय कोपतो?