आजारी तिसरी होती, भोक मला पाडलं

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि मित्रांनो, मी बिघडलेली नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण ते या घरात कुणी तपासलंच नाही. आज माझ्या पोटात बोट जाईल एवढं भोक आहे. ज्या हातांनी ते पाडलं ते हात या कामात चांगले शिकलेले आहेत, म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला तळपाय नाहीत, हे मला माहीत आहे. मध्ये बोलू नका.

माझा जन्म एका अतिस्वच्छ कारखान्यात झाला. तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत, कारण धुळीचा एक कणही आम्हाला सोसत नाही. माझ्या शेजारीच माझी जुळी बहीण तयार झाली. आमचे नंबरही लागोपाठचे होते, तिचा ४१७ वर संपणारा आणि माझा ४१८ वर. एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यातून आम्ही या घरी आलो.

घरात शिरल्यावर बोळात चपलांचं कपाट आहे. त्याच्यावर एक काळा सर्व्हर, म्हणजे घरभराचे फोटो-फायली साठवणारं खोकं, बसवला आणि त्याच्या चार जागांपैकी तिसरीवर बहिणीला, चौथीवर मला सरकवलं. आम्हा दोघींची जोडी लावली. जोडीचा नियम सोपा असतो. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक गेली तरी दुसरी घर सांभाळते. हा सगळा थाट मांडला घरातल्या मुलाने. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी त्याला चिरंजीवच म्हणणार.

सुरुवातीला आमचं काय कौतुक होतं! पाहुण्यांना चपला काढायच्या आधी आम्ही दाखवल्या जायचो. वर्षभरात ते संपलं. मग त्या काळ्या खोक्यावर किल्ल्या पडू लागल्या, टपाल पडू लागलं, आणि मागच्या पंख्याला टेकवून कुणीतरी छत्री ठेवली ती तिथेच राहिली. आम्ही आत उकडत होतो आणि काम करत होतो. तक्रार केली नाही.

मग बाबा आजारी पडले. बाबा तीस वर्षं बसचे कंडक्टर होते. त्यांचा आवाज असा की मागच्या दारातून 'पुढे सरका, पुढे जागा आहे' म्हटलं की ड्रायव्हरसुद्धा पुढे सरकेल, असं आई म्हणायची. त्यांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणून सांगितलं. ऑपरेशनआधी अकरा दिवस होते. दवाखान्यातल्या एक बाई म्हणाल्या, तुमचा आवाज साठवून ठेवा, पुढे त्यावरून मशीनला तुमच्याच आवाजात बोलायला शिकवता येईल. बाबांनी अकरा दिवस रोज आतल्या खोलीत बसून फोनमध्ये बोलून ठेवलं. साधी वाक्यं होती. गरम आहे, सांभाळून. दार लावून घे. किती वाजले?

शेवटच्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि सात मिनिटं फक्त आईसाठी बोलले. आईने ते ऐकलं नाही. तिला धीर झाला नाही. आत्ता नको, पुढे कधीतरी ऐकेन, एवढंच ती म्हणाली. चिरंजीवांनी सगळं आमच्यावर उतरवलं आणि फोन रिकामा केला. आणखी कुठे ठेवायचं का, असं आईने विचारलं होतं. दोन डिस्कवर आहे, निर्धास्त राहा, असं उत्तर मिळालं. दोन्ही डिस्क एकाच खोक्यात आहेत, हे त्या माउलीला कोण सांगणार?

ऑपरेशन झालं. बाबा तेव्हापासून पाटीवर लिहून बोलतात. अक्षर सावकाश, वळणदार. घाई करता येत नाही त्यांना.

मग एका रविवारी दुपारी सर्व्हर पी-पी करू लागला. चिरंजीवांच्या फोनवर निरोप आला: तिसऱ्या जागेवरची डिस्क आजारी आहे, नंबर अमुक, शेवटी ४१७. माझी बहीण उन्हाळे सोसून सोसून टेकीला आली होती. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी धडधाकट होते. तिला काढायचं, नवी बसवायची आणि मी तिला सगळं देणार. पण चिरंजीव ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवाल्यांच्या रीतीने शून्यापासून मोजतात. पहिलीला शून्य, दुसरीला एक. तसंच मोजत बोट सरकवलं, आणि 'तीन' म्हणून ते माझ्यावर येऊन थांबलं.

बाबा शेजारीच खुर्चीवर होते. त्यांनी बोट सरकताना पाहिलं. मोजण्यात तीस वर्षं गेलेला माणूस! त्यांनी कपाटावर टकटक केलं, पाटी घेतली आणि लिहायला लागले. 'ही चौ...' एवढं लिहून झालं होतं. मी वाचलं. चिरंजीवांनी मान वर न करता सांगितलं, "बाबा, थांबा जरा. माझं रोजचं काम आहे हे."

आणि मला ओढून काढलं. सर्व्हरने दुप्पट बोंब मारली. त्यांनी बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं, माझ्या जागी कोरी डिस्क घातली आणि आजारी बहिणीला सांगितलं, दे आता हिला सगळं. ती बिचारी धापा टाकत देऊ लागली. एवढं होईपर्यंत बाबांचं वाक्य पूर्ण झालं होतं: 'ही चौथी आहे रे.' पण पाटी त्यांच्या मांडीवर आणि चिरंजीव मला घेऊन गॅलरीत. ऑफिसचा नियम आहे म्हणे, काढलेली डिस्क भोक पाडल्याशिवाय टाकायची नाही, आतलं कुणी वाचू नये म्हणून. घरात तसं कुणी सांगितलं होतं? ड्रिल बाबांचंच होतं.

सोमवारी सकाळी बहिणीने मान टाकली. काम निम्म्यावरही आलं नव्हतं, आणि नव्या डिस्कवर जे उतरलं त्यातलं काहीच उघडेना.

आई दुपारी ड्यूटीवरून आली. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. तिने आधी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फोनवरचा निरोप वाचला, मला कचऱ्याच्या पिशवीतून काढलं आणि माझ्यावरचा कागद वाचला. चारशे अठरा. तिने तो पुन्हा वाचला.

"आम्ही पाय कापायचा असला तर आधी त्या पायावर पेनाने खूण करतो," ती मुलाला म्हणाली, "आणि पेशंटलाच विचारतो, हाच ना?"

चिरंजीव रडले. रडू देत. दुरुस्तीवाल्याकडे आम्हा दोघींना नेलं; बहिणीतून काही निघणार नाही म्हणाला, मग त्याने मला उजेडासमोर धरलं, भोकातून पलीकडे पाहिलं आणि परत दिलं.

त्या संध्याकाळी बाबांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी माफ केलं. मी नाही केलं, करणार नाही. मग ते आईजवळ जाऊन बसले. ती सात मिनिटं त्यांना पाठ होती. ते पाटीवर लिहू लागले. आईने त्यांचा हात धरला.

"लिहू नका," ती म्हणाली. "मला ऐकायचं होतं."

मित्रांनो, आम्हाला जपा असं मी म्हणणार होते. पंख्यापुढची छत्री काढा, साठवण दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, नंबर वाचल्याशिवाय हात लावू नका. ते कराच. पण माझा खरा राग त्या गोष्टींवर नाही. तुमच्या घरात कुणी सावकाश बोलत असेल, सावकाश लिहीत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत हात थांबवा. चार अक्षरं राहिली होती हो. फार तर दहा सेकंद लागली असती.