काचेची नळी आणि जावईबापू

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. अकोल्याच्या एका वसतिगृहात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर उभी असते. नळी म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल. मुरडा. पण पाच वर्षं या घरातली शेगडी माझ्या शब्दावर पेटत होती, हे आधी ऐका.

अठ्ठावन्न साली वसतिगृहाच्या मागे विटांची विहीर बांधली. तिच्यात गोठ्याचं शेण आणि बाजारातला सडका भाजीपाला टाकायचा. तो कुजला की गॅस निघतो आणि वर पालथ्या ठेवलेल्या लोखंडी ढोलात साठतो. तिथून नळ निघून कोठीतून जातो आणि शेगडीपर्यंत पोचतो. नळात गॅसचा जोर किती, हे कोण सांगणार? मी. धर्मपालनं मला जाळावर तापवून वाकवलं, पोटात निळीचं पाणी भरलं आणि शेजारी शाळेची फूटपट्टी ठोकली. गॅसनं ढकललं की एका बाजूचं पाणी खाली, दुसऱ्या बाजूचं वर. चार इंचांचा फरक असला की सगळं ठीक. धर्मपाल यंत्रांचं काम शिकलेला, मोजका बोलणारा माणूस. रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहायचा, वाकून पाहायचा आणि वहीत लिहायचा. असा मान घरच्या सुनांना तरी मिळतो का?

मग त्रेसष्टच्या पावसाळ्यात तो आला.

गोल पितळी डबा, पुढे काच, आत किल्लीवर फिरणारा गोल कागद. काट्याच्या टोकाला जांभळी शाई. कोणी पाहो न पाहो, हा आपला दिवसभर गॅसचा जोर स्वतःच लिहीत बसे. सवत आली असती तर मी एक वेळ निभावून नेलं असतं. हा तर जावई होऊन आला! व्यवस्थापक नत्थुजींनी त्याच्यासाठी भिंतीला चुना दिला. स्वयंपाकीण पार्वताबाई रोज पदरानं त्याची काच पुसू लागली, आणि तवा उतरवायचं ओलं फडकं माझ्या डोक्यावर टांगू लागली. मी खुंटी झाले होते. पाहुणे आले की नत्थुजी म्हणत, "हे पाहा, आपोआप लिहिते!" हो, लिहितो. मी पाच वर्षं सांगत होते, ते काय उखाणे होते?

धर्मपाल मात्र फडकं बाजूला करून मला पाही. पण आता वहीत लिहीत नसे. नत्थुजींनी वही बंद केली होती. आता अमरावतीला साहेबांच्या कचेरीत त्या पितळ्याचे कागद जात.

दसऱ्यासाठी धर्मपाल चार दिवस नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. इकडे खंडेनवमी आली. पार्वताबाईनं विळा पुजला, पाटा पुजला, बाहेरची कुऱ्हाड पुजली. मग ती जावईबापूंकडे वळली. काच उघडून तेलात कालवलेलं कुंकू तिनं थेट काट्याच्या मुळाशी लावलं, झेंडूचं फूल खोवलं, हात जोडले. मला चिमूटभरसुद्धा नाही. मी जळून खाक झाले. तुमच्यापासून काय लपवायचं?

पण त्या कुंकवानं काटा चिकटून बसला. चारवर अडकला तो अडकलाच. कागद फिरत राहिला, रेघ चारवरच. तीन दिवस नत्थुजी कागद बदलत होते आणि खूश होत होते. "काय रेघ हाय! बांगडीसारखी गोल!"

त्याच तीन दिवसांत कोठीतला नळाचा सांधा गंजून फुटला. माझं पाणी तीनवर आलं, दोनवर आलं, एकवर आलं. फडक्याखाली मी ओरडत होते म्हणा. आणि खरं सांगते, माझ्या मनात आधी काय आलं? बरं झालं, आता याचं बिंग फुटेल. पार्वताबाईचा जीव धोक्यात आहे, हे मनातच आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी धर्मपाल परतला. नत्थुजींनी कौतुकानं तिन्ही कागद त्याच्या हातात दिले. तो पाहत राहिला.

"नत्थुजी, तीन दिवस पोरायले उपाशी ठेवलं काय?"

"काहून? दोन टाईम सैपाक झाला. दसऱ्याले तं पुरनपोळी केली."

"शेगडी पेटली का जोर कमी होते, रेघ आत वाकते. येथ तं कुठीच वाकली नाई."

"गॅस चांगला हाय म्हनून नसन वाकली. यंत्र काय खोटं बोलते?"

"नाई बोलत. पर हे तं मुकं झालं हाय."

तेवढ्यात पार्वताबाई पेटती चिमणी घेऊन कोठीकडे निघाली. कोठीला खिडकी नाही. "तीन दिवसांचा वास येऊन राहिला. उंदीर मेला असन. पायतो."

धर्मपालनं फडकं ओढून फेकलं. माझं पाणी एकवर. माणसाचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मावशी! चिमनी इझव! कोठीत जाऊ नोको!"

"काहून बोंबलतं रे? उंदीर हाय, वाघ नोहे!"

"उंदीर नोहे, गॅस हाय!"

तो धावला आणि दाराच्या दोन पावलं आधी त्यानं फुंकर मारून चिमणी विझवली. मग शेगडी विझवली, विहिरीजवळचा कॉक बंद केला, गॅस निघून जावा म्हणून कोठीच्या छपरावरचे कवेलू सरकवले. पार्वताबाईनं विझलेली चिमणी अंगणात नेऊन ठेवली. तिला पाहून मला भीती वाटली. आणि लाजही.

दुपारी नत्थुजी ते कागद फाडायला निघाले. "साहेब हासतीन आपल्याले."

"हासू द्या," धर्मपाल म्हणाला. प्रत्येक कागदावर त्यानं लिहिलं, 'काटा अडकला होता. ही रेघ खरी नाही,' आणि खाली सही केली. तसेच ते अमरावतीला गेले.

मला वाटलं, आता पितळ्या भंगारात जाणार. कसलं काय! धर्मपालनं त्याला रॉकेलनं पुसून पुन्हा माझ्या शेजारीच बसवलं. वही पुन्हा सुरू झाली. आता रोज सकाळी आधी मला पाहतात, मग त्याला, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितात. पार्वताबाईला आकडे येत नाहीत. ती धर्मपालला विचारते, "दोघायचं जुळलं का रे?" तो हो म्हणाल्याशिवाय ती काडी ओढत नाही.

मित्रांनो, पितळ्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि जाणारही नाही. तो देखणा आहे आणि त्याला ते माहीत आहे. तरी माझी एकच विनंती आहे. आम्हाला पुसा, तेलपाणी करा, पण आमच्यापैकी एकाच्याच शब्दावर विसंबू नका. आणि आम्हा दोघांत भांडण दिसलं, तर कोण खरं हे ठरवत उभे राहू नका. आधी शेगडी बंद करा.